हो म्हटल्यानंतर

मेडिकलवाल्यानं गोळ्यांच्या पट्ट्या आणि टॉनिकची बाटली कागदी पिशवीत घातली, पिशवीचं तोंड दुमडलं आणि सहज विचारलं, "मुलगी बाळंतपणाला आलीय वाटतं?" देवचंद म्हणाला, "हो." मेडिकलवाला नवा होता, पिंप्राळ्यातल्या माणसांची त्याला अजून नीटशी ओळख नव्हती. "पहिलटकरीण असेल तर जपा भाऊ," तो म्हणाला, "पहिल्या वेळी अंगात रक्त कमी पडतं." देवचंदनं त्यालाही मान हलवली. पिशवी स्कूटरच्या डिकीत ठेवली, किक मारली, आणि थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपण रेल्वेगेटपाशी उभे आहोत. गेट बंद होतं. मालगाडी चालली होती, डबे संपता संपत नव्हते, पायाखालची डांबरी सडक बारीक थरथरत होती. त्याचं घर गेटच्या अलीकडे होतं. पलीकडे त्याचं काहीच काम नव्हतं. गाडी गेली, गेट वर झालं, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला आणि म्हणाला, "चला ना भाऊ." मागं वळायचं सोडून देवचंद मुकाट्यानं रूळ ओलांडून पलीकडे गेला.

मुलगी बाळंतपणाला आली नव्हती. उत्पलाचं लग्नच झालं नव्हतं, ती धुळ्याला वसतिगृहात राहून बी.एस्सी. करत होती. गोळ्या लिलाच्या होत्या. लिला त्याची बायको, वय त्रेचाळीस, चौथा महिना. मेहरूणच्या तलावापाशी त्यानं स्कूटर थांबवली आणि मागं जाऊन काय सांगता येईल याचा विचार करू लागला. अहो, मघाशी तुम्ही विचारलंत ना, तर ते माझ्या मुलीचं नाही, माझ्या बायकोचं. हे वाक्य त्यानं मनात दोन-तीन तऱ्हांनी मांडून पाहिलं. कसंही मांडलं तरी त्यात एक सत्तेचाळीस वर्षांचा, कानशिलावर पांढरे केस असलेला माणूस काउंटरपाशी उभा दिसायचा आणि मेडिकलवाल्याच्या मिशीखाली हसू दिसायचं. आणि ते तरी कशाला सांगायचं? त्या माणसाला घेणंदेणं नव्हतं. त्यानं सहज विचारलं, आपण सहज म्हटलं. तरीही तलावाच्या काठानं जाणारी माणसं आपल्याकडे बघून पुढं जातायत असं त्याला वाटत राहिलं. नीट पाहिलं तर कुणीच बघत नव्हतं, आणि त्यामुळं त्याला जास्तच चमत्कारिक वाटलं.

लिलानं सांगितलं तेव्हाही असंच झालं होतं. रविवार होता, ती सुपात बाजरी निवडत बसली होती आणि वर न बघता म्हणाली, "दिवस गेलेत." तो पेपर वाचत होता. त्याला वाटलं, वयाचं बोलतेय, उत्पला मोठी झाली, आपण म्हातारपणाकडे निघालो. तो म्हणाला, "हो, गेलेच म्हणायचे." तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं. "तसे नाही. माले दिन गयात." कॉलनीत राहायला आल्यापासून लिला शहरी मराठी बोलायची, आतलं काही निघायचं असलं की मात्र ते अहिराणीतच निघायचं. त्याचे कान तापले. आनंद झाला का, हे त्यानं नंतर बऱ्याचदा स्वतःला विचारलं. त्या वेळी फक्त कान तापले होते आणि पेपरातली अक्षरं स्पष्ट दिसत होती, इतकी स्पष्ट की एका जाहिरातीतलं शुद्धलेखन चुकलंय हेही त्याला दिसलं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, या वयात रक्तदाब वाढतो, जपावं लागेल, ठेवायचं की नाही ते दोघांनी ठरवा, पण लवकर ठरवा. बाहेर आल्यावर तो लिलाला म्हणाला, "तू म्हणशील तसं." ती स्कूटरवर मागं बसली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दाराशी उतरताना त्याच्या खांद्यावरचा हात न काढता म्हणाली, "मी ठेवसू." तो बरं म्हणाला. आपण निर्णय तिच्या हाती मानानं दिला, की अंगावरचा काढून तिच्या अंगावर टाकला, हे त्याला तेव्हा कळलं नाही, पुढंही कळलं नाही.

उत्पलाला सांगायचं राहून गेलं. तो समजत होता लिला सांगेल, लिला समजत होती तो सांगेल, आणि दोघंही एकमेकांना विचारत नव्हते. गणपतीच्या सुट्टीला उत्पला आली. संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून गोळी आणायला मेडिकलमध्ये गेली आणि परत आली ती चप्पल न काढताच आत आली. देवचंद खाटेवर बसून बूट पुसत होता. "बाबा," ती म्हणाली, "माझ्या कसल्या गोळ्या नेता तुम्ही?" त्याच्या हातातलं फडकं थांबलं. "मेडिकलवाल्यानं घर कुठलं विचारलं. मी सुरवाड्यांची मुलगी म्हणाले. तर म्हणतो, ताई, एकट्या कशाला आलात, तुमच्या गोळ्या बाबा नेतात की. आणि माझ्या पोटाकडे बघितलं त्यानं." देवचंद म्हणाला, "मी त्याला काही सांगितलं नाही." वाक्य खरं होतं. त्यानं खरंच काही सांगितलं नव्हतं, विचारलं त्याला हो म्हटलं होतं. पण ते बोलल्याबरोबर आपण एक वाईट गोष्ट दुसऱ्यांदा केली असं त्याला वाटलं. लिला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि म्हणाली, "गोळ्या माझ्या आहेत. तुला भाऊ नाहीतर बहीण व्हायचीय." उत्पला खुर्चीत बसली. बराच वेळ ती आईच्या पोटाकडे बघत होती, जिथं अजून काहीच दिसत नव्हतं. मग तिनं एवढंच विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?" लिला म्हणाली, "जपा म्हणतात." दुसऱ्या दिवशी, सुट्टी शिल्लक असताना, उत्पला परत निघाली. एसटी स्टँडवर धुळ्याच्या गाडीला गर्दी होती. देवचंदनं बाहेरून खिडकीतून रुमाल टाकून तिच्यासाठी जागा धरली. ती गाडीत चढली, रुमाल उचलून खिडकीतून त्याच्या हातात दिला, आणि त्या जागेवर एका म्हाताऱ्या बाईला बसवून स्वतः मागं जाऊन उभी राहिली. पुढच्या महिन्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही.

शेजारच्या कमलबाईंचं बोलणं लिलानं त्याला कणीक मळता मळता सांगितलं. "मला म्हणाल्या, लिलाताई, कोणाचं बी असो, घरात लेकरू येतंय ना." देवचंद हसला, कारण पहिल्यांदा त्याला ते साधंच वाटलं. मग आंघोळीला गेला आणि अंगावर दुसरा तांब्या घेताना त्याला ते समजलं. कोणाचं बी असो. कॉलनीचं म्हणणं असं होतं की मूल उत्पलाचं आहे, तिला धुळ्याला लपवून ठेवलंय, आणि लिला उगीच पदर सोडून पोट असल्यासारखी चालते. उद्या मूल आलं की आपलंच म्हणून सांगतील. पाणी गार होतं. तो तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला. एका शब्दातून हे एवढं कसं उगवलं, कुणी कुणाला काय सांगितलं, कोणत्या ओट्यावर, याची रांग तो लावू बघत होता आणि रांग दर वेळी मेडिकलच्या काउंटरपाशीच येऊन थांबत होती. पाटबंधारे खात्यात तो आरेखक होता. कालवे, चाऱ्या, उंचसखल जमिनीच्या रेषा, हेच त्याचं काम. पाणी कुठून सोडलं तर कुठं जाईल हे कागदावर बघून सांगण्यात त्याची हयात गेली होती. त्या आठवड्यात त्यानं एका चारीची तीच रेषा दोनदा काढली, ब्लेडनं खरवडली, पुन्हा चुकीच्या जागी काढली. शेजारच्या खोलीतून नकाशांच्या छपाईचा अमोनियाचा वास यायचा, इतक्या वर्षांत तो त्याला जाणवेनासा झाला होता. आता तो डोळ्यांत झोंबू लागला.

दुपारच्या सुट्टीत पेपर चाळताना त्याला एक छोटी चौकट दिसली. पालकांनी मनावरचं ओझं फोनवर मोकळं करावं, नाव सांगायची गरज नाही, सोमवार ते गुरुवार संध्याकाळी. ही असली कामं मुंबई-पुण्याकडची, ज्यांची पोरं दहावीत नापास होतात त्यांच्यासाठीची असतात असं त्याला वाटलं आणि त्यानं पान उलटलं. पण नंबर धुळ्याचा होता. धुळ्यात उत्पला होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे त्याला सांगता आलं नसतं. तो संध्याकाळपर्यंत नंबर घोकत राहिला. गुरुवारी ऑफिसातून निघून तो स्टेशनजवळच्या एसटीडी बूथमध्ये गेला, पिंप्राळ्यात ओळखीची माणसं होती म्हणून. काचेच्या केबिनचं दार लावून घेतलं. आत कुणाच्यातरी केसांच्या तेलाचा वास होता आणि रिसीव्हर आधीच्या माणसाच्या हातानं गरम होता. "बोला," पलीकडून बाईचा आवाज आला, जरा बसलेला, सर्दी झाल्यासारखा. तो म्हणाला, "हे ते पालकांचं…" "हो, तेच." "काय बोलायचं असतं?" "ते मलाही माहीत नसतं," बाई म्हणाली. "तुम्ही सुरू करा, मग बघू." त्यानं सुरू केलं. आपल्याला एक मुलगी आहे, ती नाराज आहे, असं सांगितलं. का नाराज आहे ते सांगायला गेला आणि मेडिकलच्या काउंटरपर्यंत येऊन थांबला. बाईनं घाई केली नाही. मग तीच म्हणाली, "थांबा हं, दूध उतू जातंय." रिसीव्हर कशावरतरी ठेवल्याचा आवाज आला, पावलं लांब गेली. केबिनमधले लाल आकडे बदलत होते. त्या रिकाम्या फोनमध्ये देवचंद अगदी हळू म्हणाला, "मला एक मुलगा झाला होता." पावलं परत आली. "हं, काय म्हणत होतात?" "काही नाही," तो म्हणाला.

त्यानंतर तो दर गुरुवारी जाऊ लागला. बाईंचं नाव सुनंदाबाई. पूर्वी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या, आता धुळ्यातच, देवपुरात, घरी असतात, हे त्यानं विचारल्यावर त्यांनी सांगितलं. तो आधी मॅडम म्हणायचा, मग कधीतरी अक्का म्हणू लागला. त्या त्याला देवचंदभाऊ म्हणायच्या. त्यांचा चेहरा त्याला माहीत नव्हता आणि तो चेहरा नसल्यामुळेच बोलता येतं असं त्याला वाटायचं, पण घरी जाताना स्कूटरवर तो त्यांना चेहरे लावून बघायचा, कधी जाड भिंगाचा चष्मा, कधी त्याच्या मेलेल्या आत्याची हनुवटी. मेडिकलचं सगळं त्यानं सांगितलं. त्या ऐकत राहायच्या, मधेच खोकायच्या. घरी लिला विचारायची, गुरुवारी उशीर का होतो, तेव्हा तो म्हणायचा, काम असतं. हेही एक हो म्हटल्यासारखंच होतं, हे त्याला कळायचं. एका गुरुवारी सुनंदाबाई म्हणाल्या, "देवचंदभाऊ, रागावू नका. हे मूल तुम्हाला नकोच आहे, असं तर नाही?" त्यानं फोन ठेवून दिला. बूथवाल्याकडून सुटे न घेताच तो बाहेर पडला. त्याला राग आला होता. पण खोट्या आरोपाचा राग वेगळा असतो, खऱ्याचा वेगळा, आणि हा कोणता ते त्याला ओळखता येईना. घरी आला तेव्हा लिला खाटेवर आडवी होती, पाय सुजले होते. त्यानं तिच्या पायांखाली उशी ठेवली. ती म्हणाली, "आज लवकर आलात." त्यानं तिच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहिला, खळगा पडला, हळूहळू भरून आला. नकोच असतं, तर हा खळगा भरायची वाट आपण श्वास धरून का बघितली असती? पण वाट कुणाची बघत होतो, मुलाची की लिलाची?

दोन गुरुवार तो गेला नाही. तिसऱ्या गुरुवारी गेला आणि सुरुवातीलाच म्हणाला, "अक्का, तुम्ही म्हणालात ते खरं नाही." "मग खरं काय आहे?" "ते मला माहीत नाही." "माझं चुकलं असेल," त्या म्हणाल्या. "मी अंदाजानं बोलले. समोर माणूस दिसत नाही, मग असं होतं." कुणी शिकलेलं माणूस आपल्याशी असं सरळ बोलेल हे देवचंदला अपेक्षित नव्हतं. आणि मग, बहुतेक त्यामुळेच, त्यानं सांगितलं. उत्पला चार वर्षांची असताना मुलगा झाला होता. लिला तेव्हा एरंडोलजवळ गावी, त्याच्या आईवडिलांकडे होती. तो शिंदखेड्याकडे मोजणीच्या कामावर, तंबूत. मुलगा रांगायला लागला होता. ताप आला, निरोप निघाला, निरोप एका कॅम्पवरून दुसऱ्यावर फिरत त्याच्यापर्यंत पोचला, आणि तो गावी पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानं फक्त ओली माती पाहिली. घरी आल्यावर लिलानं त्याला चहा दिला. तो प्याला. तिनं काही सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. तिला त्रास होईल म्हणून आज नको, मग उद्या नको, आणि मग ते विचारण्याची वेळच निघून गेली. "त्याचं नाव काय होतं?" सुनंदाबाईंनी विचारलं. देवचंदनं काचेतून बाहेर बघितलं. एक हमाल कापसाच्या गाठीवर डोकं टेकून झोपला होता. "कश्यप," तो म्हणाला. केबिन इतकी लहान होती की तो शब्द त्याच्याच तोंडावर परत आला. "मेडिकलवाल्यानं विचारलं ना," तो पुढं म्हणाला, "तेव्हा मी काही ठरवून बोललो नाही अक्का. बायकोला दिवस गेलेत, हे तोंडातून निघालं की ते खरं होईल. आणि खरं झालं की ते जाऊ पण शकेल." सुनंदाबाई म्हणाल्या, "हे तुम्ही घरी सांगितलंय?" तो म्हणाला, "नाही." "का?" "तिला त्रास होईल." पलीकडे भाजीवालीची हाळी ऐकू आली, लांब जात गेली. "बघा बाई," सुनंदाबाई म्हणाल्या, स्वतःशीच बोलल्यासारख्या, "यावर मी काय सांगू, मला खरंच सुचत नाही."

सातवा लागला तेव्हा लिला एका संध्याकाळी म्हणाली, "चला, मेडिकलला जाऊन येऊ." देवचंद स्कूटरची किल्ली घ्यायला गेला. "पायी जाऊ," ती म्हणाली. तिनं पदर कमरेला खोचला. पोट आता कुणालाही दिसेल असं होतं, आणि ती ते कशानंही झाकत नव्हती. ओट्या-ओट्यावर बायका बसल्या होत्या. कमलबाई तांदूळ पाखडत होत्या, त्यांचा हात थांबला. लिला प्रत्येक ओट्यापाशी थोडं थांबायची, दम घ्यायची, "काय चाललंय?" म्हणायची आणि पुढं निघायची. देवचंद तिच्या अर्धं पाऊल मागं होता. पुढं व्हावं तर तिला मागं टाकल्यासारखं, बरोबर चालावं तर मिरवल्यासारखं. दुकानात दोन बायका औषध घेत होत्या. लिला काउंटरला हात टेकून म्हणाली, "माझ्या गोळ्या द्या." मेडिकलवाल्यानं वर पाहिलं. "तुमच्या?" "माझ्या. सातवा महिना आहे. माझी मुलगी धुळ्याला शिकते, तिचं लग्न व्हायचंय अजून." मेडिकलवाला गोंधळला. "ताई, मी कुठं काय म्हणालो? भाऊच म्हणाले होते की…" तो देवचंदकडे बघू लागला, त्या दोन बायकाही बघू लागल्या. लिला मात्र बघत नव्हती, ती काचेच्या कपाटातल्या पावडरच्या डब्यांकडे बघत होती. देवचंद म्हणाला, "त्यांची चूक नाही. मीच हो म्हणालो होतो. ते खोटं होतं." एवढे महिने हे बोललं की काहीतरी होईल असं त्याला वाटत आलं होतं. काही झालं नाही. मेडिकलवाल्यानं कात्रीनं पट्टी कापली आणि विचारलं, "टॉनिक पण देऊ का?" परत येताना देवचंद वाट बघत होता, लिला आता काहीतरी म्हणेल, रागावेल किंवा बरं केलंत म्हणेल. वळणावर आल्यावर ती म्हणाली, "हळू चला. पाय दुखतात."

रविवारी तो धुळ्याला गेला. एरंडोल, पारोळा मागं पडली, गाडीत कुणीतरी मेथीच्या जुड्या आणल्या होत्या, त्यांचा वास शेवटपर्यंत होता. देवपुरात उतरल्यावर त्याला चमत्कारिकच वाटू लागलं. पिशवी घेऊन येणारी, नळावर उभी असलेली, रिक्षावाल्याशी घासाघीस करणारी, कुठलीही पोक्त बाई सुनंदाबाई असू शकत होती. एक जण खोकली तेव्हा तो थबकला. घर शोधावं का, असंही मनात आलं, पण तो वसतिगृहाकडेच गेला. उत्पला खाली आली. ती वाळली होती. दोघं पांझरेच्या पुलापर्यंत चालत गेली. नदीत पाणी कमी होतं, म्हशी बसल्या होत्या. देवचंदनं मेडिकलमध्ये काय झालं ते सांगितलं. उत्पलानं कठड्यावर कोपरं टेकून ऐकून घेतलं. "बरं केलंत," ती म्हणाली, पण तिचा आवाज तसा नव्हता. "बाबा, तुम्ही हो म्हणालात तेव्हा तुम्हाला माझी लाज वाटली नाही. आईची वाटली. मी रोज हाच विचार करते. यातलं कोणतं मला जास्त लागलं, तेच मला कळत नाही." देवचंदला उत्तर द्यायचं होतं. लाज नव्हती ती, असं म्हणायचं होतं. पण लाजही होती. सगळंच होतं. "मलापण कळत नाही," तो म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, जरा आश्चर्यानं. मग पाण्याकडे बघत म्हणाली, "मी रागानं येत नव्हते असं वाटतं ना तुम्हाला? आधी होता राग. नंतर मला घरी यायची भीती वाटायला लागली. कश्यप गेला तेव्हा आई किती दिवस उठली नव्हती, तुम्हाला माहीत आहे? तुम्ही परत कामावर गेलात. मी तिला पाणी पाजायचे. आता तिला काही झालं तर…" देवचंद कठड्याला धरून उभा राहिला. मुलीला काही आठवत नसेल असं तो इतकी वर्षं धरून चालला होता; ती तर त्याच्यापेक्षा जास्त जाणत होती. "मला हे कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही विचारलं नाही," उत्पला म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. थोड्या वेळानं तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "आज नाही येत मी. प्रॅक्टिकल आहे. आईला म्हणावं, तारखेच्या आधी येते."

तारखेच्या बऱ्याच आधी यावं लागलं. लिलाचा रक्तदाब एकाएकी वाढला, डोळ्यांपुढं ठिपके दिसतात म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी लगेच दाखल करून घेतलं आणि सकाळी ऑपरेशन करायचं ठरवलं. धुळ्याला निरोप गेला आणि उत्पला त्याच दिवशी संध्याकाळी आली. सकाळी दोघं बापलेक बाकावर शेजारी बसली होती. उत्पलानं मधेच त्याच्या शर्टाचं उघडं बटण लावलं. दार उघडलं आणि नर्स म्हणाली, "मुलगी आहे. वजन कमी आहे, पण रडली. बाई पण ठीक आहेत." बाळ त्याच्या हातात दिलं तेव्हा ते त्याला कुणाचंच वाटलं नाही, तांबूस, सुरकुतलेलं, स्वतःच्याच कशाततरी गुंतलेलं. उत्पलानं ते त्याच्याकडून घेतलं आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात बघत उभी राहिली.

दुपारपर्यंत लिला गुंगीत होती. बाळ तिच्या कुशीला ठेवलं होतं. उत्पला चहा आणायला खाली गेली. सुनंदाबाईंना कळवायला हवं, आज गुरुवारच आहे, असं देवचंदच्या मनात आलं, आणि त्यांना काय सांगायचं याची वाक्यं तो जुळवू लागला. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, आणि अक्का, तरीही… तरीही काय, ते त्याला जमेना. लिलानं डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते. त्यानं बोळ्यानं पाणी लावलं. "कुठे जाताय?" तिनं विचारलं. तो उठलेला नव्हता, तरी तिला तसं वाटलं होतं. "कुठे नाही," तो म्हणाला. आणि मग जे फोनवर सांगायचं होतं तेच त्याच्या तोंडून निघालं. "लिला, मला भीती वाटते." ती त्याच्याकडे बघत राहिली. "कसानी?" तिनं विचारलं. "माहीत नाही. हिची. हिला काही होईल याची. काही झालं नाही तर मग ही मोठी होईल, तेव्हा मी कुठं असेन याची. तुझी पण." एवढं बोलून त्याला वाटलं, आपण चुकलो, ही आत्ता ऑपरेशनमधून उठलीय. तिला त्रास होईल. लिलानं डोळे मिटले. तिला पुन्हा झोप लागली असं समजून तो उठायला गेला, तेव्हा ती म्हणाली, "माले बी वाटस." मग म्हणाली, "आठेच बसा."

त्यानं लोखंडी स्टूल खाटेजवळ ओढलं. त्याचा एक पाय आखूड होता, बसल्यावर ते डुगडुगायचं. लिलानं बाळाच्या डोक्यावरचं कापड बोटानं थोडं मागं सारलं. "कान बघितले हिचे?" ती म्हणाली. "कश्यपचे असेच होते. चिकटलेले. तापात लाल व्हायचे." देवचंदला कश्यपचे कान आठवत नव्हते. पुष्कळ प्रयत्न केला तरी आठवले नाहीत. "मला नाही आठवत," तो म्हणाला, "मला त्यातलं काहीच माहीत नाही. तू सांग." उत्पला चहाची किटली घेऊन दारात आली, वडिलांचं बोलणं ऐकून तिथंच थांबली. "मंगळवारी दुपारी अंग तापलं त्याचं," लिला सांगू लागली. "मी म्हटलं, दात येत असतील."